खांब तोच, हिशेब वेगळा

क्रोशाच्या कामात मुळात शिकायचं असतं ते फार थोडं. साखळी घालता आली आणि खांब घालता आला, की निम्मी विद्या हाती आली. उरलेली निम्मी म्हणजे हाच खांब किती उंच घालायचा, कुठे घालायचा, एका घरात किती घालायचे आणि दोघांमध्ये किती जागा सोडायची. नमुन्यांचं पुस्तक कितीही जाडजूड असलं तरी आत फिरून फिरून हाच एक खांब भेटतो.

आमच्या घरी त्याला खांब म्हणत नसत. अम्मीच्या बोलीत सगळे फंदेच. लहान फंदा, लंबा फंदा, जाळीचा फंदा. ‘खांब’ आणि ‘मुका खांब’ हे शब्द मला शेजारच्या काकूंकडून मिळाले. त्या मराठी मासिकांतून नमुने कापून एका वहीत चिकटवून ठेवायच्या आणि अम्मीला वाचून दाखवायच्या. ‘पाच साखळ्या, एक मुका खांब, तीन खांब एकाच घरात’ असं त्या वाचत आणि अम्मीचे हात चालू लागत. अम्मीला वाचता येत नव्हतं, काकूंना इतकं सफाईदार विणता येत नव्हतं. दोघींनी मिळून आमच्या आळीतल्या निम्म्या घरांचे पाळण्यावरचे रुमाल विणले असतील.

खांब कसा घालतात ते बहुतेकींना ठाऊक असेल, तरी नव्या मुलींसाठी सांगते. सुईवर दोऱ्याचा एक वेढा घ्यायचा. सुई खालच्या ओळीतल्या घरात घालून दोरा ओढून वर आणायचा. आता सुईवर तीन फंदे दिसतील. दोरा घेऊन तो दोन फंद्यांतून काढायचा, पुन्हा दोरा घेऊन उरलेल्या दोन फंद्यांतून काढायचा. झाला एक खांब. म्हणजे एका खांबासाठी दोरा चार वेळा सुईवर घ्यावा लागतो. हा चारचा आकडा लक्षात ठेवा. पुढे तो कामाला येणार आहे.

आजकाल मुली मोबाइलवर व्हिडिओ बघून शिकतात. चांगलंच आहे, पण तिथे एक घोटाळा होतो. अमेरिकन पद्धतीत ज्याला डबल क्रोशे म्हणतात, तो आपला खांब. ब्रिटिश पद्धतीत मात्र डबल क्रोशे म्हणजे आपला मुका खांब, आणि आपल्या खांबाला तिथे ट्रेबल म्हणतात. नमुना एका देशाचा आणि शब्द दुसऱ्या देशाचे धरले, तर बाळाचं टोपडं बाहुलीला बसेल असं तरी होतं किंवा आजोबांच्या डोक्यावरून खाली घसरेल असं तरी. आपल्या मराठी शब्दांत ही भानगड नाही. खांब म्हणजे खांबच.

आता त्याची रूपं पाहू. पहिली गोष्ट उंचीची. सुरुवातीचा वेढा न घेता काम केलं की मुका खांब होतो. तो बुटका आणि घट्ट असतो, त्यात दोरा दोनदाच घ्यावा लागतो. वेढा घ्यायचा, पण शेवटी तिन्ही फंद्यांतून दोरा एकदमच काढायचा, की अर्धा खांब. सुरुवातीला एकाऐवजी दोन वेढे घेतले की उंच खांब, त्यात दोरा सहा वेळा घ्यावा लागतो. जितका खांब उंच, तितकं कापड मोकळं आणि झुळझुळीत. म्हणून बाजाराच्या पिशवीला, गरम भांडं धरायच्या चौकोनाला, मुलांच्या खेळण्यांना मुका खांब चांगला. त्यातून बोट जात नाही, आत भरलेला कापूस बाहेर डोकावत नाही. स्वेटरला, टोपड्याला अर्धा खांब छान, कारण तो मऊही राहतो आणि वारंही फारसं आत येऊ देत नाही. ओढणीवर घ्यायच्या शालीला किंवा खिडकीच्या पडद्याला उंच खांब. काम भराभर वाढतं आणि कापडाला लोळ येतो.

दुसरी गोष्ट सुई कुठे घालायची याची. खालच्या ओळीकडे वरून पाहिलं तर प्रत्येक घराच्या डोक्यावर दोन धागे दिसतात, एक आपल्याकडचा आणि एक पलीकडचा. एरवी सुई दोन्ही धाग्यांखालून जाते. ती फक्त पलीकडच्या धाग्यातून घातली, की पुढचा धागा मोकळा राहतो आणि कापडावर सरळ रेघा उमटतात. मुक्या खांबाच्या ओळी अशा विणल्या तर पट्टी रबरासारखी ताणली जाते. बाळाच्या टोपड्याची कड, स्वेटरची मनगटपट्टी, पायमोज्याचा वरचा भाग यांना ही पट्टी फार उपयोगी. आणि सुई डोक्यातून न घालता खालच्या खांबाच्या कमरेभोवतून फिरवली, तर नवा खांब जुन्याला मिठी मारून पुढे येतो. काही खांब पुढून, काही मागून असे घेतले की टोपलीच्या विणीसारखं कापड तयार होतं. ते जाड होतं, लोकर जास्त खातं, पण गोधडीसारखं उबदार असतं. म्हाताऱ्या माणसाच्या गुडघ्यांवर टाकायला याहून चांगलं काही नाही.

तिसरी गोष्ट एका घरात किती खांब घालायचे याची. पाच खांब एकाच घरात घातले की ते पंख्यासारखे पसरतात. त्याला आमच्याकडे शिंपला म्हणतात. ओढणीच्या काठासाठी सगळ्यात सोपा नमुना हाच आहे. दोन घरं सोडायची, पुढच्या घरात पाच खांब, पुन्हा दोन घरं सोडायची आणि त्यापुढच्या घरात एक मुका खांब घालून शिंपला बसवायचा. एका शिंपल्याला सहा घरं लागतात. म्हणून काठाची पहिली ओळ सहाने भाग जाईल अशी मोजून घ्यायची आणि सुरुवातीसाठी एक घर वर ठेवायचं. हे आधी मोजलं नाही, तर ओढणीच्या टोकाला अर्धा शिंपला उरतो आणि सारा काठ उसवावा लागतो. उलट, पाच खांब एका घरात घालून त्यांची डोकी एकत्र बांधली, की पसरायला जागा न मिळाल्यामुळे ते फुगून वर येतात. मुलींना हे दाणे फार आवडतात. उशीच्या अभ्र्यावर चार चार घरांच्या अंतराने पेरले तर शोभतात. टोपीवर मात्र घालू नयेत, सजद्यात कपाळाला टोचतात.

चौथी गोष्ट रिकाम्या जागेची, आणि मला स्वतःला हीच सगळ्यात प्रिय आहे. एक खांब, दोन साखळ्या, मग दोन घरं सोडून पुन्हा खांब. असं करत गेलं की चौकोनांची जाळी होते. ज्या चौकोनात दोन साखळ्यांऐवजी दोन खांब घातले, तो चौकोन भरलेला दिसतो. भरलेले आणि रिकामे चौकोन एवढ्याच भांडवलावर फुलं, पानं, चांद-तारा, मिनार, अक्षरं, सगळं विणता येतं. आलेखाच्या वहीत चित्र काढायचं आणि त्याबरहुकूम चौकोन भरत जायचे.

मी शाळेत उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवते, त्यामुळे या जाळीत अक्षरं विणण्याचा नाद मला फार. मराठी अक्षरं जाळीत सहज बसतात. शिरोरेषा म्हणजे भरलेल्या चौकोनांची एक सरळ ओळ, तिच्याखाली काने आणि वेलांट्या. उर्दूचं तसं नाही. आपण रोज लिहितो ते नस्तालीक उजवीकडून डावीकडे तिरपं खाली उतरतं, चौकोनात ते कोंडता येत नाही. त्यासाठी चौकोनी कूफी लिपीचा आधार घ्यावा लागतो. जुन्या इमारतींवर विटांनी आणि फरशांनी अक्षरं बसवायची, तेव्हा कारागिरांपुढेही हीच अडचण असे. वीट वाकत नाही, म्हणून त्यांनी अक्षरालाच काटकोनात वळवलं. आमची जाळीही वाकत नाही.

यात आणखी एक गंमत आहे. उजव्या हाताने विणणारी सुलट बाजूची ओळ उजवीकडून डावीकडे विणते. ओळ संपली की काम उलटतं आणि पुढची ओळ नकाशावर डावीकडून उजवीकडे वाचावी लागते. एक ओळ उर्दूसारखी, दुसरी मराठीसारखी. पाचवीच्या मुलींना मी असंच सांगते आणि त्यांना ते लगेच कळतं. आमच्या शाळेतल्या मुली दिवसभर हेच तर करत असतात.

पाचवी गोष्ट गोलाची. इथे विणकाम थांबतं आणि गणित सुरू होतं. सपाट गोल रुमाल खांबाने विणायचा तर पहिल्या फेरीत बारा खांब लागतात आणि पुढच्या प्रत्येक फेरीत बारा खांब वाढवावे लागतात. बारा, चोवीस, छत्तीस, अठ्ठेचाळीस. मुक्या खांबाने विणला तर सहा, बारा, अठरा, चोवीस. अम्मीला हे आकडे तोंडपाठ होते. का, ते विचारलं की ती म्हणायची, “बेटा, असंच असतं.” कारण मला आमच्या शाळेतल्या गणिताच्या सरांनी मधल्या सुट्टीत फळ्यावर समजावून दिलं. प्रत्येक फेरीबरोबर गोलाची त्रिज्या एका खांबाच्या उंचीइतकी वाढते. त्रिज्या जेवढी वाढेल, त्याच्या साधारण सव्वासहा पट परीघ वाढतो. मुका खांब जेवढा उंच, जवळपास तेवढाच रुंद, म्हणून वाढीव परिघात त्याची सहा घरं मावतात. खांब त्याच्या रुंदीच्या दुप्पट उंच, म्हणून बारा. गोल लहान असो की मोठा, वाढ तेवढीच.

बारापेक्षा कमी वाढवले तर कड आत वळते आणि गोलाची वाटी होते. बारापेक्षा जास्त वाढवले तर कडेला चुण्या पडतात. या चुण्यांनाही विद्यापीठात मान मिळाला आहे. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात दाइना ताइमिना नावाच्या गणिताच्या प्राध्यापिका होत्या, मूळच्या लॅटव्हिया देशाच्या. भूमितीत एक असं पृष्ठ असतं की ते सगळीकडे घोड्याच्या खोगिरासारखं वळलेलं असतं. कागदावर ते नीट दाखवता येत नाही. बाईंनी १९९७ साली ते क्रोशाने विणलं. ठराविक घरांनंतर एक घर वाढवायचं, आणि हे प्रमाण प्रत्येक ओळीत पाळायचं, एवढीच युक्ती. विद्यार्थ्यांना ते पृष्ठ हातात धरून बघता आलं. आपल्या फ्रॉकची झालर आणि त्यांचं ते पृष्ठ यांची जात एकच.

टोपी म्हणजे या गोलाच्या दोन गोष्टी एकाखाली एक. माथा सपाट गोल, मग वाढ थांबवून सरळ भिंत. डोक्याचा घेर ५६ सेंटीमीटर धरला तर गोलाची त्रिज्या जवळपास नऊ सेंटीमीटर व्हायला हवी. जाड सुती दोऱ्याचा खांब साधारण एक सेंटीमीटरहून थोडा उंच होतो. म्हणजे माथ्याला आठ फेऱ्या. आठव्या फेरीत शहाण्णव खांब. मग शहाण्णव खांबांच्याच सात फेऱ्या भिंतीच्या. घरी जी कुणी टोपी विणते ती थोड्याफार फरकाने हेच करते, आकडे तोंडाने म्हणो वा न म्हणो.

हे सगळं मी इतक्या तपशिलाने सांगते आहे, कारण गेल्या वर्षी आमच्या आळीत याच आकड्यांवर एका मुलीची शाळा अडली होती.

सांगली जिल्ह्यातल्या आमच्या गावात बऱ्याच घरांत टोप्या विणतात. व्यापारी सूत वजन करून देतो, डझनावर टोप्या मोजून घेतो आणि नगावर मजुरी देतो. अम्मीनेही वर्षानुवर्षं हे काम केलं. माझ्या बी.एड.च्या फीचा एक हप्ता त्याच पैशांतून गेला आहे, तेव्हा या कामाला मी कमी लेखणार नाही. दुपारी घर आवरून झालं की बायका ओट्यावर बसतात, हात चालतो, गप्पा चालतात, चार पैसे मिळतात. कुणाकडे मागावं लागत नाही, ही त्यातली मोठी गोष्ट.

माझ्या वर्गात नववीत एक मुलगी होती. अभ्यासात बरी, मराठीत तर छानच. निबंधात ‘परंतु’ कुठे आणि ‘पण’ कुठे वापरायचं हे न सांगता कळणारी. रमजानच्या दोन महिने आधीपासून तिची गैरहजेरी वाढली. आठवड्यातून दोन दिवस, मग तीन. मी घरी गेले तर ओट्यावर मायलेकी टोप्या विणत बसलेल्या. आईच्या डोळ्यांवर आलं होतं. बारीक सुताचं घर तिला दिसत नव्हतं, म्हणून लेकीला बसवलं होतं.

“आपा, या वर्षी बारीक सुताचं काम आलंय,” ती म्हणाली. “मजुरी दीडपट आहे. पण संपता संपत नाही.”

आईचंही तेच म्हणणं होतं. जाड सुताच्या टोपीपेक्षा दीडपट मजुरी म्हणून तिने आनंदाने काम घेतलं, पण रात्री बारापर्यंत बसूनही डझन पुरा होईना. “हात पहिल्यासारखा चालत नाही आता,” असं ती स्वतःलाच दोष देत होती.

मी मुलीला म्हटलं, “वही आण. मोज बघू.”

तिने मोजलं. जाड सुताची टोपी: माथ्याच्या आठ फेऱ्या, बारापासून शहाण्णवपर्यंत, बेरीज ४३२ खांब. भिंत, शहाण्णव गुणिले सात, ६७२. एकूण ११०४. मग बारीक सुताची टोपी. सूत निम्म्या जाडीचं, तेव्हा खांब उंचीलाही निम्मा आणि रुंदीलाही निम्मा. माथ्याला आठाऐवजी सोळा फेऱ्या, बारापासून एकशे ब्याण्णवपर्यंत, बेरीज १६३२. भिंतीला चौदा फेऱ्या, प्रत्येकी १९२, म्हणजे २६८८. एकूण ४३२०.

तिने पेन खाली ठेवलं. दुप्पट असेल असं तिला वाटलं होतं. ते जवळजवळ चौपट निघालं.

दुसऱ्या दिवशी ती शाळेत आली, सरांकडे गेली आणि वही पुढे केली. सर म्हणाले, “लांबीही दुप्पट, रुंदीही दुप्पट, म्हणजे चौपटच होणार. क्षेत्रफळाचा धडा सातवीत झालाय की.” धडा झाला होता, पण तो धडा ओट्यावरच्या टोपीचाही आहे हे कुणी म्हटलं नव्हतं. मग तिने घड्याळ लावून पाहिलं. तिचा हात मिनिटाला बारा खांब घालतो. जाड टोपीला दीड तास, बारीक टोपीला सहा तास. तेही डोळ्यांना ताण न पडता सहा तास बसता आलं तर.

आईचा हात मंदावला नव्हता. कामच चौपट होतं आणि मजुरी दीडपट.

व्यापाऱ्याबद्दल मला वाईट लिहायचं नाही. तोही मोजत होता, फक्त त्याचं माप वेगळं होतं. तो सूत तोलतो. बारीक टोपीला सूत वजनाने निम्मंच लागतं, कारण कापड पातळ होतं. त्याच्या तागडीत बारीक टोपी हलकी दिसते. खांब त्याच्या तागडीत येत नाहीत. ते विणणारीनेच मोजून सांगायला हवेत, आणि आमच्या आळीत ते आजवर कुणी सांगितले नव्हते.

ही गोष्ट आमच्या आळीपुरती नाही. आंध्र प्रदेशात पश्चिम गोदावरी जिल्ह्यात नरसापूर हे क्रोशाच्या लेससाठी प्रसिद्ध गाव आहे. एकोणिसाव्या शतकात मिशनरी बायकांनी तिथल्या बायकांना हे काम शिकवलं, पुढे त्याचा मोठा व्यापार झाला आणि माल परदेशी जाऊ लागला. मारिया मीस या जर्मन समाजशास्त्रज्ञ बाईंनी या विणकरणींचा अभ्यास करून १९८२ साली पुस्तक प्रसिद्ध केलं. एक बाई नुसती फुलं विणणार, दुसरी ती जोडणार, प्रत्येकीला नगावर मजुरी. दिवसाचे कित्येक तास सुई चालवूनही त्यांची गणना घरी बसणाऱ्या गृहिणींमध्येच होई आणि विणकाम म्हणजे फावल्या वेळेचा उद्योग मानला जाई. हे पुस्तक जगभरच्या अभ्यासकांनी वाचलं. २०२४ साली नरसापूरच्या लेसला भौगोलिक मानांकनही मिळालं, म्हणजे त्या नावाने दुसरीकडचा माल विकता येणार नाही. नाव सुरक्षित झालं ही चांगलीच गोष्ट. मजुरीचा हिशेब मात्र मानांकनाने आपोआप होत नाही.

आयर्लंडमध्ये १८४५ नंतर बटाट्याच्या पिकावर रोग पडून भीषण दुष्काळ आला, तेव्हा तिथल्या गरीब घरांतल्या मुलीबायकांनी क्रोशाची लेस विणून घरं जगवली. फुलं, पानं वेगवेगळी विणायची आणि मग जाळीने जोडायची, ही आयरिश पद्धत आजही शिकवली जाते. दुष्काळात घर तारणारं हे काम आहे. त्याला ‘टाइमपास’ म्हणताना आपण जरा थांबायला हवं. आणि असं म्हणणाऱ्यांत फक्त पुरुष नसतात. “रिकामीच बसले होते, म्हणून विणलं,” हे वाक्य मी बायकांच्याच तोंडून जास्त ऐकलं आहे.

तर त्या मुलीची आई आणि आळीतल्या आणखी चौघी वही घेऊन व्यापाऱ्याकडे गेल्या. चौपट मजुरी मागितली. तो चौपट देणार नाही हे त्यांनाही ठाऊक होतं. ईदच्या बाजारात टोपीला गिऱ्हाईक देऊन देऊन किती देणार? तो दुपटीपर्यंत आला आणि अडला. बायका परत आल्या. त्यांच्यातली सगळ्यात वयस्क खाला, जिने आयुष्यभर टोप्याच विणल्या, तिने वहीतले आकडे वाचून घेतले आणि म्हणाली, “मग भिंत भरून कशाला विणता? जाळी घाला.”

इथे खांबाचं ते चौथं रूप कामाला आलं. माथा भरीव ठेवायचा, भिंत मात्र जाळीची करायची. तीन खांबांच्या जागी एक खांब आणि दोन साखळ्या. एकशे ब्याण्णवला तीनने भाग जातो, त्यामुळे एका फेरीत चौसष्ट चौकोन नेमके बसतात. भिंतीचे २६८८ खांब ८९६ वर आले, बाकीच्या १७९२ साखळ्या. खांबाला दोरा चार वेळा घ्यावा लागतो, साखळीला एकदाच. मुलीने पुन्हा हिशेब मांडला. सहा तासांचं काम साधारण चार तासांवर आलं. शिवाय आपल्याकडच्या उन्हाळ्यात जाळीची टोपी डोक्याला हवाही देते. नमुना विणून दाखवल्यावर व्यापाऱ्यालाही आवडला आणि अडीचपट मजुरीवर सौदा ठरला.

अडीचपट म्हणजे पूर्ण न्याय झाला असं मी म्हणणार नाही. दीड तासाच्या कामाची मजुरी हाच पाया धरला तर चार तासांचे पावणेतीनपट तरी होतात, आणि डोळ्यांचं मोल तर कुणीच धरलेलं नाही. पण भरीव भिंतीची बारीक टोपी आता आमच्या आळीत त्या भावात कुणी घेत नाही, एवढं मात्र झालं. त्या मुलीच्या आईने बारीक काम सोडून जाड सुताचंच घेतलं, ते तिला दिसतं. डोळ्यांचं ऑपरेशन झालं की पुढचं पुढे. मुलगी शाळेत परत आली. यंदा ती दहावीत आहे. सुट्टीच्या दिवशी विणते, पण किती विणायचं ते ती आधी ठरवते.

आमच्या घराघरांत मुलींना क्रोशा शिकवतात. जहेजात रुमाल, गिलाफ, टोप्या देण्याची हौसही असते. शिकवावंच. हाताला वळण लागतं, मन शांत राहतं, वेळेला चार पैसे मिळतात. फक्त शिकवताना सुईबरोबर एक वही द्या. त्या वहीत प्रत्येक नमुन्यासाठी चार गोष्टी लिहायला लावा: कोणता दोरा आणि किती नंबरची सुई, एकूण किती घरं, किती वेळ लागला, आणि विकलं तर किती मिळाले. वही उर्दूत असो की मराठीत. आईला लिहिता येत नसेल तर ती बोलेल आणि लेक लिहील, जसं काकू वाचायच्या आणि अम्मी विणायची.

आणि पहिला धडा म्हणून एक काम सांगते. पांढरं जाड सूत आणि साडेतीन-चार मिलिमीटरची सुई घ्या. चार साखळ्यांचं कडं करा, त्यात बारा खांब घाला. सुरुवातीच्या तीन साखळ्या हा पहिला खांब धरायचा. दुसऱ्या फेरीत प्रत्येक घरात दोन खांब. तिसऱ्या फेरीत एका घरात एक, पुढच्यात दोन. चौथीत दोन घरांत एकेक, तिसऱ्यात दोन. असं करत आठ फेऱ्या करा आणि मग वाढ थांबवून सात फेऱ्या सरळ विणा. शेवटी मुक्या खांबाची एक फेरी घाला म्हणजे कड पसरणार नाही. टोपी घरातल्या लहान्याला घालून बघा. सैल झाली तर एक फेरी कमी, घट्ट झाली तर एक जास्त. आणि सुई खाली ठेवण्याआधी वहीत घरं आणि वेळ लिहून ठेवा.